पत्ता माहीत आहे, मग उचलत का नाहीत?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या एका टोळीचा म्होरक्या परदेशात बसलाय, त्याच्या नावाची रेड नोटीस निघालीय, तो कोणत्या शहरात राहतो हेसुद्धा छापून आलंय, आणि तरी दोन वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही. मग इंटरपोल नेमकं करते काय, आणि देशांना एकमेकांना मदत करायचीच नसते का?

माझी नोकरी तपासात गेली. शेवटची बारा वर्षं तर सीमेपलीकडे पसरलेल्या प्रकरणांचा समन्वय हेच काम होतं. म्हणजे विनंतीपत्रं लिहायची, बाहेरून आलेली वाचायची, आणि कुठल्या तरी लांबच्या देशातल्या अधिकाऱ्याला त्याच्या मध्यरात्री फोन करून आधी माफी मागायची, मग काम सांगायचं. एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करतो. तुमच्या प्रकरणात नेमकं काय अडलंय हे ते दोन देश कोणते यावर ठरेल. त्यांच्यात प्रत्यार्पणाचा करार आहे का, हा माणूस तिथला नागरिक झालाय का, तिथे त्याच्यावर वेगळा खटला चालू आहे का, हे कळल्याशिवाय ठाम बोललो तर ती थाप होईल. पण बहुतेक प्रकरणांत घोडं पेंड कुठे खातं ते मी पाहिलंय, तेवढं सांगतो.

तुम्ही विचारताय की त्याला पकडत का नाहीत. माझ्या मते खरी अडचण पकडण्याच्या आधीच येते. तो कुठे आहे याची माहिती आहे. त्यानं काय केलं याचीही पोलिसांना बरीच माहिती असते. पण माहिती म्हणजे पुरावा नव्हे. एका देशातल्या पोलिसाची माहिती दुसऱ्या देशातल्या न्यायाधीशासमोर टिकेल असा पुरावा व्हायला लागते, आणि सगळा वेळ खातं ते हे रूपांतर. माहिती एका रात्रीत जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते. पुराव्याला महिने लागतात, कधी वर्षं.

आधी इंटरपोलचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. १९२३ साली व्हिएन्नात सुरू झालेली आणि आता फ्रान्समधल्या लिऑनमधून चालणारी ही संस्था १९६ देशांच्या पोलिसांना जोडते. तिचा एकही अधिकारी कुणाला बेड्या घालत नाही. तसा अधिकारच तिला दिलेला नाही. प्रत्येक देशात तिचा एक राष्ट्रीय कक्ष असतो. तो त्या देशाच्याच पोलिसांचा असतो आणि सुरक्षित जाळ्यावरून बाकीच्यांशी चोवीस तास जोडलेला असतो. रेड नोटीस म्हणजे या जाळ्यावरून सगळ्यांना केलेली विनंती: हा माणूस आम्हाला हवाय, दिसला तर त्याचा ठावठिकाणा कळवा, आणि तुमच्या कायद्यात बसत असेल तर प्रत्यार्पणाचे कागद येईपर्यंत त्याला तात्पुरतं अटकेत ठेवा. 'तुमच्या कायद्यात बसत असेल तर' हे शब्द बातम्यांतून गळून पडतात, आणि खरी मेख तिथेच असते. काही देशांत नोटीस हाच तात्पुरत्या अटकेचा पुरेसा आधार मानतात. अमेरिकेसारख्या देशात नुसत्या रेड नोटिशीवर अटक करता येत नाही. करारानुसार रीतसर विनंती आणि तिथल्या न्यायालयाचं वॉरंट लागतं.

हे ऐकून लोक म्हणतात, मग इंटरपोलला दात द्या की. मी स्वतः तसं म्हणणार नाही. कारण रेड नोटीस मागणारा प्रत्येक देश चोराच्याच मागे असतो असं नाही. बहरीनमधून पळालेल्या आणि ऑस्ट्रेलियानं निर्वासित म्हणून आसरा दिलेल्या हकीम अल-अराइबी या फुटबॉलपटूला २०१८च्या नोव्हेंबरमध्ये बँकॉकला उतरताच अशाच नोटिशीवरून धरलं. ज्या देशापासून आसरा मिळालाय त्याच देशाच्या सांगण्यावरून निर्वासिताविरुद्ध नोटीस काढायची नाही, हे इंटरपोलचंच धोरण होतं. ती नोटीस मागे घेतली गेली, तरी त्याची सुटका व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. इंटरपोलच्या घटनेचं तिसरं कलम राजकीय, लष्करी, धार्मिक आणि वांशिक स्वरूपाच्या कामात पडायला मनाई करतं. नोटीस आपोआप वॉरंट ठरू लागली, तर त्या कलमाची राखण विमानतळावरच्या पोलिसाला करावी लागेल, आणि ती त्याला जमणारी नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

दोन देशांमध्ये दोन वेगवेगळ्या वाटा असतात. एक पोलिसाकडून पोलिसाकडे. हा नंबर कुणाचा, ही गाडी कुणाची, हा माणूस सीमा ओलांडून आला का? इंटरपोलचं जाळं, हेगमधली युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था, दूतावासात बसणारे लायझन म्हणजे समन्वय अधिकारी, हे सगळे याच वाटेवरचे. उत्तर तासाभरात येऊ शकतं, पण त्यावर बहुधा शेरा असतो: केवळ तपासासाठी, न्यायालयात वापरू नये. दुसरी वाट परस्पर कायदेशीर साहाय्याची. आपल्या सरकारी वकिलानं किंवा न्यायालयानं लिहिलेलं विनंतीपत्र, आपलं मंत्रालय, त्यांचं मंत्रालय, त्यांचे वकील, त्यांचं न्यायालय, त्यांचे पोलीस, आणि मग तीच साखळी उलटी. तीच बँक, तेच खातं, तीच माहिती, पण या वाटेनं आलेली असली तरच ती न्यायालयात ठेवता येते.

पैशांच्या बाबतीतही तसंच. संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या देशोदेशींच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षांनी १९९५ साली एग्मॉन्ट गट बांधला. त्यांच्यात देवाणघेवाण झपाट्यानं चालते. पण देणाऱ्या कक्षाच्या परवानगीशिवाय ती माहिती पुढे द्यायची नाही, पुरावा म्हणून वापरायची नाही, असा त्यांचा नियम. तरुण तपास अधिकारी हा कागद थेट आरोपपत्राला जोडायला निघतात. त्यांना थांबवण्यात माझ्या नोकरीचा बराच भाग गेला. कागद खोटा असतो म्हणून नव्हे. तो एकदा जोडला, की पुढच्या वेळी तो कक्ष आपल्याला काहीच देत नाही.

या रूपांतराला किती किंमत असते हे बघायचं तर एन्क्रोचॅट प्रकरण बघा. गुन्हेगारांच्या आवडीची ही सांकेतिक संदेशांची फोनसेवा फ्रेंच आणि डच तपासयंत्रणांनी २०२०मध्ये आतून उघडली. लाखो संदेश हातात आले. २०२३पर्यंत जगभरात साडेसहा हजारांवर अटका आणि सुमारे ९० कोटी युरोंची जप्ती झाली. पण संदेश वाचणं हा सोपा भाग होता. त्यानंतर देशोदेशींच्या न्यायालयांत एकच वाद वर्षानुवर्षं चालला: फ्रान्समध्ये फ्रेंच न्यायाधीशाच्या परवानगीनं मिळवलेला मजकूर आमच्याकडे चालतो का? ब्रिटनमध्ये तर गंमतच. तिथे चालू संभाषण मधेच अडवून मिळवलेला मजकूर सहसा पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून सगळा खटला एका प्रश्नावर आला: संदेश घेतला त्या क्षणी तो प्रवासात होता की फोनमध्ये साठवलेला होता? २०२१मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं साठवलेला होता असं ठरवलं आणि पुरावा टिकला. आरोपीनं काय लिहिलं होतं याबद्दल दुमत नव्हतंच.

२०२१मध्ये उघड झालेलं अॅनॉम प्रकरण याहून बोलकं आहे. त्यात फोनसेवाच एफबीआयच्या हातात होती आणि ऑस्ट्रेलियाचे पोलीस भागीदार होते. सुमारे १२,००० फोन गुन्हेगारांनी हौसेनं विकत घेतले. जून २०२१मध्ये आठशेवर अटका झाल्या. पण हे संदेश एफबीआयकडे परस्पर येत नव्हते. सर्व्हर एका तिसऱ्या देशात ठेवला होता. त्या देशानं आपल्या न्यायालयाचा आदेश घेऊन संदेश उतरवून घेतले आणि कायदेशीर साहाय्याच्या करारानुसार आठवड्यातून तीनदा ते अमेरिकेला पाठवले. स्वतःच पेरलेल्या फोनमधले संदेश मिळवायलाही ज्यांना विनंतीचा मार्ग धरावा लागला, त्यांच्याकडे साधनांची कमतरता नव्हती. पुढे न्यायालयात काय विचारलं जाईल हे त्यांना ठाऊक होतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नोटीस ही विनंती आहे, पोलिसांची माहिती हा पुरावा नाही, आणि पुरावा ज्या देशात घेतला जातो तिथल्या आणि जिथे वापरला जातो तिथल्या, अशा दोन्ही कायद्यांतून तो जावा लागतो. आता ही विनंतीपत्रं इतकी का रखडतात ते सांगतो, कारण तिथे दोष नेहमी समोरच्या देशाचाच असतो असं नाही.

बाहेरून आलेली विनंती वाचायला बसलो की पहिल्या पानावरच अंदाज यायचा. 'आरोपीच्या सर्व बँक खात्यांची संपूर्ण माहिती द्यावी.' सर्व म्हणजे कोणती? कुठल्या तारखांची? या खात्याचा गुन्ह्याशी संबंध काय? इतकं मोघम पत्र घेऊन मी आमच्या न्यायाधीशांसमोर उभा राहिलो असतो, तर त्यांनी मलाच घरी पाठवलं असतं. दुसरा नेहमीचा अडथळा दुहेरी गुन्हेगारीचा: ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असायला हवं. इथे कलमांची नावं लिहून भागत नाही. नुसता कट रचणं हा काही कायद्यांत स्वतंत्र गुन्हा आहे. इतर कायद्यांत तसा गुन्हाच नाही, पण गुन्हेगारी संघटनेत सामील होणं हा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो करारात पाचव्या कलमानं दोन्ही पर्याय ठेवलेत, ते याचसाठी. म्हणून मी आमच्या लोकांना सांगायचो, कलम शेवटी लिहा, आधी कृत्य सांगा. कोणी, कधी, कुणाला काय खोटं सांगितलं, पैसे कुठून कुठे गेले. कृत्य नीट सांगितलं की समोरचा वकील त्याच्या कायद्यातलं कलम स्वतः शोधतो. जाता जाता हेही सांगतो, की 'आपला त्या देशाशी करारच नाही' ही सबब पुष्कळदा अर्धवट असते. संघटित गुन्ह्यांसाठी, म्हणजे तीन किंवा अधिक जणांची टिकून राहिलेली टोळी आणि चार वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा असेल तर, पालेर्मो करारच साहाय्याचा आधार म्हणून वापरता येतो. फक्त पत्रात तसं लिहावं लागतं.

आणि आमची एक फजिती. एका खंडणीच्या ईमेलमागचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मिळाला होता, तो ज्या देशातला होता तिथे रीतसर पत्र पाठवलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मग लक्षात आलं, आमच्या पत्रात वेळ सेकंदापर्यंत होती, पण ती कुठल्या घड्याळाची हे कुणी लिहिलंच नव्हतं. त्यांनी ती जागतिक प्रमाणवेळ धरली. शिवाय मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी पुष्कळ ग्राहकांना वाटून देतात, म्हणून त्यातला नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट क्रमांक नावाचा आणखी एक आकडाही द्यावा लागतो. तोही आम्ही दिला नव्हता. दुरुस्त पत्र पाठवेपर्यंत कंपनीकडच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. त्या देशानं काहीही अडवलं नव्हतं.

यातूनच मी पुढे एक क्रम पाळायला लागलो: आधी गोठवा, मग मागा. डेटा आणि पैसा ही दोन्ही नासकी चीज. विनंतीपत्र पोचेपर्यंत त्यातलं काही उरत नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१च्या बुडापेस्ट करारात हे ओळखून सोय केलेली आहे. सदस्य देशांचे संपर्कबिंदू चोवीस तास उघडे असतात. त्यांना कळवलं की डेटा नुसता जपून ठेवला जातो, किमान ६० दिवस. कुणाला दाखवला जात नाही, म्हणून त्याला मोठी कायदेशीर कसरतही लागत नाही. त्या मुदतीत आपण पूर्ण पत्र लिहायचं. करारात नसलेल्या देशांशी हे जड जातं. तिथे ओळखीपाळखीवर आणि लायझन अधिकाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते.

पैशाच्या बाबतीत वेग काय करू शकतो याचं एक उदाहरण तुमच्या प्रकरणाला जवळचं आहे. जुलै २०२४मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीनं पुरवठादाराच्या नावानं आलेल्या बनावट ईमेलवर विसंबून ४ कोटी २३ लाख डॉलर तिमोर-लेस्तेमधल्या खात्यात पाठवले. चार दिवसांनी खरा पुरवठादार पैसे मागायला लागला तेव्हा उलगडा झाला. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांत धाव घेतली. सिंगापूरच्या पोलिसांनी इंटरपोलच्या पैसे रोखण्याच्या तातडीच्या यंत्रणेतून तिमोर-लेस्तेला कळवलं, आणि दोन दिवसांत ३ कोटी ९० लाख डॉलर खात्यातच अडवले गेले. पुढे सात जणांना अटक होऊन आणखी वीस लाख सापडले. तिथे कुणी प्रत्यार्पणाची वाट पाहिली नाही. म्होरक्या सापडेल तेव्हा सापडेल, आधी त्याचं नाक दाबा. २०२५च्या जानेवारीत इंटरपोलनं प्रायोगिक तत्त्वावर सिल्व्हर नोटीस सुरू केली, ती माणसासाठी नसून मालमत्तेच्या शोधासाठी आहे. पहिली इटलीच्या विनंतीवरून निघाली. माफियाच्या मागे इतकी वर्षं धावलेल्या देशाला तिची गरज आधी वाटावी याचं मला काही नवल वाटलं नाही.

आता प्रत्यार्पण. सगळे कागद बरोबर असले तरी इथे नकाराची खरी कारणं असतात, आणि ती केवळ खोड्या नसतात. पुष्कळ देश स्वतःचा नागरिक परक्यांच्या हाती देत नाहीत. ब्राझीलच्या घटनेत तर तसं स्पष्टच आहे. तिथे एकच उपाय उरतो, आपला पुरावा त्यांना देऊन त्यांनाच खटला चालवायला सांगायचं. काही अधिकाऱ्यांना त्यात मानहानी वाटते. मला कधी वाटली नाही, शिक्षा कुठल्या तुरुंगात भोगली याला फारसं महत्त्व नाही. फाशीची शक्यता असेल तर युरोपातले देश हमी मागतात. १९८९च्या सोअरिंग खटल्यापासून युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ती दिशा घालून दिली. ज्या गुन्ह्यासाठी माणूस दिला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा, हा विशेषतेचा नियमही आहेच. म्हणून विनंतीतच सगळे गुन्हे घालावे लागतात, नंतर आठवले म्हणून चालत नाही.

याच्या उलट टोकाला युरोपीय संघाचं अटक वॉरंट आहे. २००४पासून तिथे एका देशातल्या न्यायाधीशाचं वॉरंट दुसऱ्या देशातला न्यायाधीश जवळजवळ थेट मानतो. ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत दुहेरी गुन्हेगारी तपासली जात नाही. निर्णय साधारण ६० दिवसांत, आरोपी राजी असेल तर दहा दिवसांत. हे जगभर का होत नाही, असं तुम्ही विचाराल. त्या देशांनी आधी एकमेकांच्या न्यायालयांवर विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि तरीही तुरुंगांच्या अवस्थेवरून वा न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यावरून तिथेही अडतंच.

राजकारण असतं का? असतं. समोरच्या देशाला आपल्याकडून दुसरं काही हवं असलं की फाइल एका टेबलावर झोपते, आणि तिला उठवणं पोलिसांच्या हातात नसतं. तुमच्या प्रकरणात तसं नसेलच असं मी म्हणत नाही. पण माझ्या हिशेबात, रखडलेल्या दहा प्रकरणांत निव्वळ राजकारणानं अडलेली दोन-तीन निघायची. उरलेल्यांत कुठे तरी पत्र मोघम होतं, भाषांतर ढिसाळ होतं, किंवा पाठपुराव्याला माणूस नव्हता. पाठपुरावा माणसंच करतात. १९८४मध्ये ब्राझीलनं तोमासो बुशेता या माफियातल्या माणसाला इटलीकडे सोपवलं. तो जोव्हानी फाल्कोने या न्यायाधीशांसमोर बोलता झाला आणि नंतर न्यूयॉर्कच्या हेरॉइन खटल्यातही साक्षीला उभा राहिला. इटलीतल्या पालेर्मो शहरातली आणि न्यूयॉर्कमधली माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती, म्हणून ते जमलं.

तेव्हा तुमच्या प्रकरणाबद्दल चौकशी करायचीच असेल तर रेड नोटिशीबद्दल विचारू नका, ती आहेच. प्रत्यार्पणाची रीतसर विनंती त्या देशाला गेली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यांनी काही खुलासा मागितला असेल तर तो दिला का, हे विचारा. तुम्ही फसवले गेलेल्यांपैकी असाल तर तुमच्याकडचे ईमेल मूळ स्वरूपात ठेवा, स्क्रीनशॉट पुरत नाहीत. बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून द्या. परदेशात जाणाऱ्या विनंतीपत्राला हेच जोडलं जातं.

आणि नोटीस अगदीच निकामी नाही. तो माणूस त्या देशाबाहेर निर्धास्त हलू शकत नाही. कधी तरी लग्नाला, उपचाराला, धंद्यासाठी तो विमान पकडतो, आणि तिसऱ्याच देशात रात्री तीन वाजता पासपोर्ट तपासणाऱ्या शिपायाच्या पडद्यावर लाल खूण उमटते. तिथून घड्याळ सुरू होतं. प्रत्यार्पणावरच्या १९५७च्या युरोपीय करारात कागद न पोचल्यास तात्पुरती अटक १८ दिवसांनी उठवता येते, आणि ती ४० दिवसांपलीकडे जाऊच शकत नाही. इतर करारांच्या मुदती वेगळ्या, पण मुदत असते. माझ्या काळात असा एक जण नऊ वर्षांनी सापडला होता. इकडे फाइल शोधण्यात आठवडा गेला, साक्षीदारांचे जबाब भाषांतराला गेले ते वेळेत परत आले नाहीत, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिथल्या अधिकाऱ्यानं मला फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी त्याला सोडतोय. मी त्याच्याकडे आणखी दोन दिवस मागितले. त्याच्याकडे द्यायला ते नव्हते.